युरोपसाठी केबिन सॅक: आधी तिकिटं, मग सामान, शेवटी सॅक

सॅकचा शोध सुरू केला तो निघायच्या दहा आठवडे आधी, आणि ती पक्की झाली तेव्हा चार आठवडे उरले होते. एका सॅकपायी दीड महिना हे ऐकायला जास्त वाटतं, पण त्यातले दोन आठवडे पहिली सॅक परत करून दुसरी येण्यातच गेले. ज्यांना असाच प्रवास करायचा आहे त्यांनी हा वेळ आधीच धरून ठेवावा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात मिळेल ती सॅक उचलायची पाळी येत नाही.

मार्ग असा होता: पॅरिस, बार्सिलोना, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि परत पॅरिस. पंधरा दिवस, चार रेल्वेप्रवास, मधली दोन विमानं. चेक-इन सामान न्यायचं नाही हे आधीच ठरवलं, आणि त्याचं कारण फक्त पैसे वाचवणं हे नव्हतं. एकाच शहरात राहणार असाल तर उशिरा आलेली बॅग दुसऱ्या दिवशी मुक्कामावर पोचते. पण दर दोन-तीन दिवसांनी शहर बदलत असेल, तर बॅग रोमला पोचेपर्यंत तुम्ही व्हेनिसला असता आणि ती तुमच्या मागे मागे फिरत राहते.

पहिला आठवडा दुकानात नाही, विमान कंपन्यांच्या सामानाच्या नियमांत गेला. आपण उलट करतो. आधी सॅक आवडते, मग ती बसते का हे बघतो. 'केबिन साइज' असं एक ठरलेलं माप अस्तित्वातच नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. एअर फ्रान्सची मर्यादा ५५ × ३५ × २५ सें.मी., आणि ही बॅग व सोबतची छोटी पिशवी मिळून १२ किलो. वेलिंगमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायची बॅग ५५ × ४० × २० सें.मी. आणि १० किलो. ईझीजेटची मोठी केबिन बॅग ५६ × ४५ × २५ सें.मी. आणि १५ किलो. आता यातली 'सर्वांत कडक कंपनी' शोधत बसू नका. तिन्ही बाजू वेगवेगळ्या धरा आणि प्रत्येक बाजूचं सर्वांत लहान माप घ्या. लांबी ५५, रुंदी ३५, जाडी २०. हे माप वरच्यापैकी एकाही कंपनीचं नाही, पण तिन्हींत बसणारं सर्वांत मोठं माप हेच आहे.

लांब पल्ल्याचं विमान वेगळं असेल तर हे गणित बदलतं. लुफ्तहान्सा ५५ × ४० × २३ सें.मी. आणि ८ किलो, एमिरेट्स ५५ × ३८ × २२ सें.मी. आणि ७ किलो, कतार एअरवेज ५० × ३७ × २५ सें.मी. आणि ७ किलो. कतारच्या ५० सें.मी.मध्ये ५५ सें.मी.ची सॅक कागदावर बसत नाही, हे तिकीट काढल्यावर कळून उपयोग नाही. आणि ही मापं बदलत राहतात. रायनएअरने २०२५ मध्ये फुकट बॅगेचं माप ४० × २५ × २० वरून ४० × ३० × २० सें.मी. केलं. म्हणून जुन्या लेखांतले तक्ते, यातले आकडेसुद्धा, वाचून सोडून द्या. आपल्या तिकिटावरचा नियम बघा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

इथे एक मोठा निर्णय घ्यावा लागतो. स्वस्त विमान कंपन्यांच्या सर्वांत कमी भाड्यात फक्त सीटखाली मावणारी बॅग फुकट असते. रायनएअर, विझ एअर, वेलिंग आणि ट्रान्साव्हियामध्ये ती ४० × ३० × २०, म्हणजे २४ लिटर. ईझीजेटमध्ये ४५ × ३६ × २०, म्हणजे ३२ लिटर. आठवडाभराच्या उन्हाळी प्रवासाला २४ लिटर पुरतात. पंधरा दिवस, रात्री गारवा, पावसाची शक्यता आणि एक लॅपटॉप किंवा टॅब असेल, तर ती रोजची कसरत होते. दोनच विमानांसाठी वरच्या कप्प्याची सोय विकत घेतली आणि सॅक मोठी ठेवली. माझ्या मते चार-पाच टप्पे विमानाचे असतील तर हिशेब उलटा पडतो. तेव्हा छोटी सॅकच बरी. सोय विकत घ्यायची तर तिकिटाबरोबरच घ्या. तेव्हा ती सर्वांत स्वस्त असते, विमानतळावर महागते आणि गेटवर सर्वांत महाग पडते. रायनएअरच्या गेटवर मोठ्या बॅगेचं शुल्क ७५ युरोपर्यंत जातं.

पुढच्या आठवड्यात जे केलं त्याचा सर्वांत जास्त फायदा झाला, आणि त्याला खर्च शून्य. मोठा पुठ्ठ्याचा खोका कापून, चिकटपट्टीने जोडून आतून बरोबर ५५ × ३५ × २० सें.मी.चा एक खोका तयार केला. जे जे न्यायचं ते त्यात रचलं. सॅकच्या जाहिरातीतले लिटर डोळ्यांना काही सांगत नाहीत. खोका सगळं सांगतो. या मापाच्या चौकोनी खोक्याचं आकारमान ३८.५ लिटर होतं. सॅकचे कोपरे गोल असतात, पाठीकडे फोम असतो, म्हणून त्याच मापाच्या सॅकमध्ये प्रत्यक्षात ३४ ते ३६ लिटर मिळतात. कुणी याच मापात ४५ लिटर लिहिलं असेल तर एक तर बाहेरचे सगळे कप्पे फुगवून मोजलेत किंवा भरल्यावर सॅक २० सें.मी.ची राहणार नाही. लिटर मोजायची एक प्रमाण पद्धत आहे, एएसटीएम एफ २१५३; तिच्यात २० मि.मी. व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्यांनी कप्पे भरून आकारमान काढतात. सगळे उत्पादक ती वापरत नाहीत, म्हणून दोन कंपन्यांचे लिटर शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो.

खोक्याबरोबर वजनकाटाही लागतो. प्रत्येक वस्तू वेगळी तोलली. चार टी-शर्ट ६०० ग्रॅम, दोन पातळ पँट ७००, फ्लीस ३००, आतले कपडे आणि मोज्यांचे पाच जोड ५००, रात्रीचे कपडे ३००, पातळ टॉवेल १५०. हे झाले अडीच किलोच्या थोडं वर. पावसाचं जाकीट ३००, दुसरे हलके बूट ७००, टॉयलेटरी ५००, टॅब, चार्जर, पॉवर बँक मिळून १,१००, औषधं आणि कागदपत्रं ३००, घडी होणारी छोटी पाठपिशवी २००. एकूण ५,६५० ग्रॅम. सॅक १,४०० ग्रॅमची धरली तर सात किलोच्या थोडं वर. वेलिंगची मर्यादा १० किलो असली तरी ८ किलोच्या वर जायचं नाही असं ठरवलं, कारण शेवटी जिने चढायचे आपल्यालाच असतात. जीन्सची एक पँट ६०० ते ७०० ग्रॅम भरते, म्हणजे दोन पातळ पँटींएवढी. ती न्यायचीच असेल तर अंगावर घालून न्यावी. जड बूट आणि जाकीटही अंगावरच.

टिकाऊ सॅक आणि केबिन सॅक यांत भांडण आहे ते इथेच कळतं. सॅक अर्धा किलोने जड म्हणजे तीन टी-शर्ट कमी. जाड कापड, जाड फोम, धातूची बक्कलं, प्रत्येक गोष्टीला कप्पा असं सगळं असलेली सॅक सहज दोन किलोच्या वर जाते, आणि सात किलोच्या मर्यादेत त्या रिकाम्या सॅकनेच जवळजवळ तिसरा भाग खाल्लेला असतो. म्हणून 'सर्वांत मजबूत सॅक कोणती' हा प्रश्न सोडून 'सॅक नेमकी कुठे फाटते' हा प्रश्न धरला. तेवढ्या जागा मजबूत हव्यात. बाकी सॅक हलकी चालते.

कापड फाटल्याने सॅक वाया गेली असं क्वचितच होतं. आधी जातो चेनचा रनर, मग खांद्याच्या पट्ट्याची वरची शिवण, मग बक्कल, बाजूच्या जाळीचा खिसा आणि तळाचे कोपरे. तरी विकताना सगळा भर कापडाच्या डेनिअरवर असतो. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा धाग्याची जाडी सांगतो, ताकद नाही. त्याच जाडीचा नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासण्याला जास्त टिकतो. पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतो आणि स्वस्त असतो. म्हणून २१० ते ४२० डेनिअरचा चांगला नायलॉन ६०० डेनिअरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा हलका असूनही बरा निघू शकतो. कॉर्डुरा हे मजबूत कापडाचं ब्रँडनाव दिसलं तरी पुढचा आकडा वाचा. १,००० डेनिअर या कामाला गरजेपेक्षा जड आहे, ५०० डेनिअर भरपूर. माझी पसंती अंगाला २१० ते ४२० आणि तळाला ५०० किंवा त्याच्या वर. रिपस्टॉप म्हणजे कापडात थोड्या थोड्या अंतरावर जाड धाग्यांची जाळी विणलेली; त्याने फाटणं थांबत नाही, पण फाटलेलं पुढे पसरत नाही.

कापडाच्या आतल्या बाजूचा थर मात्र नीट बघायलाच हवा. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांनी विरघळल्यासारखा होतो, चिकट लागतो, मग पापुद्रे सुटतात. दुकानातली सॅक नवी दिसत असली तरी गोदामात किती दिवस होती हे कळत नाही. आतून अंगठ्याने जोरात घासून बघा. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर ती सॅक खाली ठेवा, सवलत कितीही असो.

चेन बघताना आकडा बघावा. मागच्या बाजूला किंवा रनरवर ५, ८ किंवा १० असतो. तो बंद चेनच्या दातांची साधारण मि.मी.मधली रुंदी सांगतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १०, बाहेरच्या छोट्या खिशांना ५ चालते. मुख्य कप्प्यालाच ५ असेल तर तिथे पैसे वाचवलेत असं समजा. चेन बनवणाऱ्यांत वायकेके हे नाव चांगलं आहे, पण त्या नावाची ५ नंबरची चेन मुख्य कप्प्याला लावली तर नावाने काही होत नाही. सॅकला सुटे दात असलेल्या चेनपेक्षा नायलॉनच्या वेटोळ्याची चेन बरी: ती वळणावर वाकते, आणि उकलली तरी रनर मागे नेऊन पुढे आणला की बहुतेकदा पुन्हा जुळते. सुट्या दातांपैकी एक जरी तुटला तरी तिथून चेन कायमची उघडी पडते. सूटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारी सॅक असेल तर कोपऱ्यावरचं वळण बघा. काटकोनात वळवलेली चेन तिथेच जाते. वळण तळहाताएवढं मोठं हवं. पाणी अडवणाऱ्या लेपाच्या चेन दिसायला छान असतात, पण सुरुवातीला ताठ चालतात आणि लेप आधी याच वळणावर तडकतो.

आता खांद्याच्या पट्ट्याचा सांधा. यावरच पहिली सॅक परत गेली, म्हणून तो कसा बघायचा ते सविस्तर सांगते. सॅक पूर्ण उघडायची, पाठीकडची आतली बाजू वर करायची आणि मोबाइलचा टॉर्च अस्तराच्या आतून शिवणीवर मारायचा. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी शिवणीच्या दोन बाजू विरुद्ध दिशेला ताणायच्या. टाक्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा दिसल्या आणि सोडल्यावर मिटल्या तर ठीक. सुईच्या भोकांपाशी कापडाचे धागे सरकून भोक लांबट झालं तर ती शिवण ओझ्याखाली उसवणार. पट्ट्याची निवार शिवणीच्या आत किमान एक सें.मी. तरी शिरलेली हवी, आणि तिच्यावर दाट नागमोडी टाक्यांची आडवी पट्टी हवी. तिला बारटॅक म्हणतात. बारटॅकवर बोट फिरवलं की ती काडीसारखी कडक आणि उंच लागते. परत केलेल्या सॅकमध्ये उजव्या पट्ट्याला दोन बारटॅक होते, डाव्याला एकच, आणि डाव्या पट्ट्याची निवार शिवणीत जेमतेम अर्धा सें.मी. गेली होती. बाहेरून दोन्ही पट्टे अगदी सारखे दिसत होते. विक्रेत्याने फोटो मागितले, सॅक न्यायला सहा दिवसांनी माणूस आला आणि बदली सॅक त्यानंतर आठ दिवसांनी पोचली. ते चौदा दिवस काळजीतच गेले. तरी हा दोष घरी दिसला, रोमच्या स्टेशनात दिसला नाही, याचं आजही बरं वाटतं. सॅक आल्याच्या दिवशीच हे सगळं तपासा, पट्टी-लेबलं कापू नका आणि परतीची मुदत संपेपर्यंत तिचं वेष्टन जपून ठेवा.

वर धरायच्या मुठीच्या दोन्ही टोकांनाही हेच बारटॅक बघा. लोक पट्ट्यांची काळजी करतात, पण ट्रेनच्या वरच्या फळीवरून भरलेली सॅक खाली ओढताना सगळा हिसका मुठीला बसतो.

पाठीची लांबी मोजायला दुसरं माणूस लागतं. मान पुढे वाकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत वर येतो तिथून, कमरेच्या हाडांवर हात ठेवल्यावर दोन्ही अंगठे ज्या रेषेत येतात तिथपर्यंतचं अंतर. ५५ सें.मी.च्या सॅकमध्ये पाठ लहान-मोठी करायची सोय कमीच असते, म्हणून उंची कमी असेल तर सॅक घालून बसून बघा; तळ कमरेखाली टेकत असेल तर चालताना ती मागे ओढते. कमरेचा पट्टा खरोखर वजन घेतो तो पाठीत ताठ पत्रा किंवा दांडी असेल तरच. नाहीतर तो फक्त सॅक हलू देत नाही. आठ किलोला एवढं पुरतं, पण तो काढता येणारा असावा, कारण गेटवर लोंबणारे पट्टे मापात मोजले जातात. खांद्याचा फोम अंगठ्याने दाबल्यावर दोन्ही थर एकमेकांना टेकू नयेत. अस्तर फिक्या रंगाचं घ्या. रात्रगाडीत अंधारात काळ्या अस्तरातून काळी वायर शोधणं त्रासाचं असतं. लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन सें.मी. वर टांगलेला हवा, म्हणजे सॅक जमिनीवर टेकवताना आपटत नाही.

दुसरी सॅक आली तेव्हा चार आठवडे उरले होते. पुस्तकं आणि पाण्याच्या बाटल्या भरून ती आठ किलोची केली. पाच किलोमीटर चालणं, चार मजले चढ-उतार दोनदा, आणि दहा मिनिटं शॉवरखाली. चालल्यावर डाव्या खांद्यावर वळ उठला. कारण पट्टा नव्हता, जड वस्तू सॅकच्या बाहेरच्या बाजूला गेल्या होत्या. त्या पाठीला लागून, मध्यावर आणल्या आणि वळ थांबला. शॉवरखाली कापडातून थेंबही आत आला नाही. पाणी आलं ते चेनच्या टोकांपासून आणि पाठीच्या शिवणीतून. कापड कितीही जलरोधक असलं तरी सुईची भोकं असतातच. वरून घालायचं पावसाळी कव्हर पाठीची बाजू उघडी ठेवतं आणि पाणी तिथूनच उतरतं, म्हणून आतल्या कपड्यांना एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घातली. वजन नगण्य, आणि पावसात कपडे पूर्ण कोरडे.

याच चाचणीत मापाचा घोळही सापडला. रिकामी सॅक ५५ × ३५ × २० होती. भरल्यावर जाडी २४ झाली. बहुतेक सॅक अशाच जाडीला नापास होतात, उंचीला नाही, कारण बाहेरचा खिसा भरला की पोट सुटतं. जाकीट बाहेरच्या खिशातून काढून आत पसरलं, आवळायचे पट्टे ओढले, पुठ्ठ्याच्या खोक्यात सॅक उभी सोडली आणि ती स्वतःच्या वजनाने खाली गेली तेव्हा समाधान झालं. ढकलावी लागत असेल तर गेटवरही ढकलावी लागेल.

प्रवासात पहिली परीक्षा विमानतळाच्या सुरक्षा तपासणीची. द्रव पदार्थ १०० मि.ली.च्या बाटल्यांत आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम युरोपात २००६ पासून आहे. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आले आणि तिथे तो सैल झाला, पण सगळीकडे नाही. ज्या विमानतळावर तो सैल आहे तिथून मोठी बाटली घेतली तर पुढच्या विमानतळावर ती टाकावी लागते, म्हणून जुनाच नियम धरून चाला. द्रवांची पिशवी आणि टॅब वरच्या खिशात, एका हाताने निघतील असे. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची. मर्यादा १०० वॅट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. गेटवर कुणी सॅक खाली पोटात पाठवायला घेतलीच तर पॉवर बँक आधी बाहेर काढा.

पॅरिस ते बार्सिलोना टीजीव्ही या वेगवान रेल्वेने गेले. फ्रान्सच्या या गाड्यांत सामानावर नाव-आडनावाचं लेबल बंधनकारक आहे. मुठीला एक साधा टॅग कायमचा बांधून टाका. बार्सिलोनाच्या गेटवर मापाच्या लोखंडी साच्यासमोर रांग होती आणि धाकधूक होतीच. सॅक साच्यात सरळ उतरली, बाहेरही सहज आली. आधीची सगळी मोजमापं या पाच सेकंदांसाठी केली होती.

रोम आणि प्रागच्या जुन्या भागांतली दगडी फरसबंदी आणि व्हेनिसचे पूल ही चाकांच्या बॅगेपेक्षा सॅक घ्यायची खरी कारणं. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनॉल, आणि पलीकडे जायचं तर पायऱ्यांचा पूल. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्याच. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं नेहमीचं; शिवाय युरोपातला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे मुक्काम निवडताना लक्षात असू द्या.

संग्रहालयांसाठी घडी होणारी छोटी पिशवी हवीच. लूव्ह्रमध्ये ५५ × ३५ × २० सें.मी.पेक्षा मोठं सामान आत नेता येत नाही, म्हणजे ही सॅक काठावर. पण व्हॅटिकन संग्रहालयात ४० × ३५ × १५ सें.मी.च्या वरची पाठपिशवी जमा करावी लागते, आणि कोलोसियममध्ये मोठ्या सॅकना प्रवेश नाही. शहर बदलायच्या दिवशी सॅक स्टेशनवरच्या सामानघरात ठेवून मोकळ्या खांद्यांनी फिरणं चांगलं. गर्दीच्या मेट्रोत सॅक पुढे घ्या. चेनला कुलूप लावलं म्हणून निर्धास्त राहू नका: वेटोळ्याची चेन साध्या पेनच्या टोकाने मधून फोडता येते आणि रनर फिरवून पुन्हा बंदही करता येते. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच. व्हेनिस ते व्हिएन्ना रात्रगाडीतही तेच केलं.

दुरुस्तीच्या वेळा दोनदा आल्या. नवव्या दिवशी रनर अस्तरात अडकला. अशा वेळी जोर लावला की अस्तर फाटतं किंवा रनरचं तोंड फाकतं आणि मग चेन मागून उघडी पडत जाते. अडकलेलं कापड चेनच्या समांतर हलकेच ओढायचं आणि रनर मिलिमीटर-मिलिमीटर मागे घ्यायचा. दहा मिनिटं लागली. रनरचं तोंड फाकलंच तर पकडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबलं की काही आठवडे निभतं, पण तो तात्पुरता उपाय; पुढे रनर बदलूनच घ्यावा. दुसऱ्यांदा बाजूच्या जाळीचा खिसा स्टेशनच्या कठड्याला अडकून दोन इंच फाटला. पॉलिएस्टरचा जाड धागा आणि सुईने शिवला. सोबत एवढंच होतं: सुई, तीन मीटर धागा, एक सुटं बक्कल, हातभर दोरी आणि चिकटणाऱ्या कापडाचा तुकडा, मिळून ४० ग्रॅम. सहा सें.मी.पर्यंतच्या पात्याची कात्री युरोपातल्या नियमांत बसते, पण सगळ्या देशांचे नियम सारखे नाहीत, म्हणून धागा कापायला नेलकटर.

परतल्यावर सॅक मशीनमध्ये टाकली नाही. मशीनचं घुसळणं आणि गरम पाणी आतला थर सोडवतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत उलटी टांगून दोन दिवस वाळवणं. चेनच्या दातांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली आणि त्यांवर मेणबत्ती घासली. तेल लावू नका. त्याला धूळ धरते आणि रनर आतून घासला जातो. नजर टाकल्यावर पट्ट्यांचे बारटॅक जसेच्या तसे होते. तळाच्या उजव्या कोपऱ्यावर, जिथे प्रत्येक वेळी सॅक टेकली जायची, तिथे कापडाला लव सुटली होती. भोक पडायच्या आतच आतून एक तुकडा चिकटवून कडेने शिवून घेतला. आता ती रिकामी, चेन उघड्या, पट्टे सैल अशी कपाटात वरच्या फळीवर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, कारण बंद पिशवीतला दमटपणाच त्या थराला खातो.